लोहचुंबक आणि विषण्ण मन : एका उपचाराचा इतिहास



फाटकावरच्या सभेत ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवणे आम्हाला जमते. परंतु वसंत व्याख्यानमालेत शांतपणे ऐकायला बसलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांपुढे उभे राहिले की आमची जीभ जड होते. त्यातून आजचा विषय वैद्यकाचा. आम्ही डॉक्टर नाही, पदवीधरही नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच व्याख्यानांच्या मागच्या रांगेत. चालकांनी आम्हाला कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलायला सांगितले होते. आम्ही विषय बदलून मागितला. तो का, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्याचे फाटक बंद झाले. तिथे आमचा एक सहकारी टर्नर होता. कारागीर असा की कॅलिपर न लावता बोटाच्या स्पर्शाने दांड्याची जाडी सांगे. थकलेल्या पगारासाठी आम्ही लढा उभारला, तेव्हा पहिले सहा महिने हा गडी सर्वांच्या पुढे होता. मग तो सभांना येईनासा झाला. निरोप पाठवला तर उत्तर नाही; घरी गेलो तर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेला. आम्ही चिडलो. संघटनेच्या हजेरीवहीत त्याच्या नावापुढे आम्ही स्वतःच्या हाताने शेरा लिहिला : ‘गैरहजर. कारण, आळस.’

पुढे एका संध्याकाळी त्याची बायको कचेरीत आली. म्हणाली, “भाऊ, यांना कामचुकार म्हणू नका. चार महिने झाले, पहाटे तीनला उठून बसतात. घास तोंडात घेतात आणि गिळायचा विसरतात. धाकटी पोर मांडीवर येऊन बसली तरी यांचा हात तिच्या डोक्यावर जात नाही.” आम्ही वही मिटली. त्या बाईला काय उत्तर द्यावे हे आम्हाला सुचले नाही.

आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आधी मांत्रिक झाला, मग देव झाले आणि शेवटी मनाचे डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या. एक बदलून दुसरी झाली. झोप आली, जेवण आले. पण माणूस अर्धाच परत आला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मुंबईला चुंबकाचा उपचार मिळतो. जमले तर बघा.” हे ऐकून आम्ही हसलो. जत्रेत विकायला येणारे चुंबकाचे पट्टे आणि चुंबकाच्या गाद्या आमच्या डोळ्यांपुढे आल्या. त्या हसण्याची पुढे आम्हाला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी आम्ही वाचायला लागलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

विषण्णता ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भगवद्गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनविषादयोग आहे. १९३२ साली आपल्या खानदेशातल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून ती आज घरोघर आहेत. अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातून सुटले. पण अर्जुनाजवळ दोन गोष्टी होत्या. समोर कृष्ण होता, आणि ऐकण्याची शक्ती शाबूत होती. ज्याची ऐकण्याची शक्तीच आजाराने हिरावून नेली आहे, त्याला उपदेश कसा पुरणार? आमच्या टर्नर मित्राला आम्ही सर्वांनी मिळून अठरा अध्यायांहून अधिक उपदेश केला असेल. तो त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

गुरुजींचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट जड मनाने सांगतो. अमळनेरच्या शाळेत त्यांनी मुलांना शिकवले, पुढे गिरणी कामगारांत काम केले. डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन आपल्या या फैजपुरात झाले, तेव्हा त्यासाठी ते गावोगाव फिरले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. त्यांच्या मनात काय होते याचे निदान करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. एवढेच नोंदवतो की आज नैराश्यावरची म्हणून ओळखली जाणारी एकही गोळी त्या दिवशी बाजारात नव्हती. ही गोष्ट फार जुनी नाही. इथे बसलेल्या कित्येक आजोबांच्या हयातीतली आहे.

आता चुंबकाकडे वळू. चुंबकाने माणसे बरी करण्याचा पहिला गाजावाजा झाला तो अठराव्या शतकात, पॅरिसमध्ये. मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणे की सर्व प्राण्यांत एक चुंबकी प्रवाह वाहतो, आणि तो अडला की आजार होतो. त्याच्या दिवाणखान्यात श्रीमंतांची रीघ लागे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात वीज ओळखणारा फ्रँकलिन होता आणि आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा लाव्हाझिए होता. त्यांनी साधी युक्ती केली. बागेतले एक झाड ‘चुंबकित’ करवून घेतले आणि एका मुलाचे डोळे बांधून त्याला निरनिराळ्या झाडांपाशी नेले. मुलगा बेशुद्ध पडला तो भलत्याच झाडापाशी! समितीने निवाडा दिला की परिणाम दिसतो तो कल्पनेचा आहे, चुंबकाचा नव्हे. खऱ्याशेजारी खोटे ठेवावे आणि कोणते कोणते हे कळू न देता पाहावे, ही परीक्षा ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा लागणार आहे.

या प्रकारानंतर चुंबक हा शब्द वैद्यकात बदनाम झाला. त्याला प्रतिष्ठा परत मिळवून देणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो लोहाराचा मुलगा होता. मायकेल फॅरडे १७९१ साली जन्मला आणि चौदाव्या वर्षी लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्ही या थोर शास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती व्याख्याने उतरून काढली, स्वच्छ लिहिली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी तो डेव्हीचा मदतनीस झाला. धुळ्याच्या तुरुंगात गुरुजींनी जे केले तेच त्या पोराने लंडनला केले होते : मन लावून ऐकले आणि उतरून घेतले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या आजच्या अशा भावंडांना कोणी ‘नुसती करमणूक’ म्हटले, तर त्याला फॅरडेची ही गोष्ट अवश्य सांगावी.

१८३१ साली फॅरडेने तांब्याच्या तारेचे वेटोळे घेतले आणि त्यात लोहचुंबक सरकवला. चुंबक आत जाताना जवळच्या यंत्राची सुई हलली. बाहेर येतानाही हलली. पण चुंबक स्थिर असताना सुई जागची हलली नाही. चुंबक बदलता असेल तरच वीज उत्पन्न होते, हा तो नियम. सायकलच्या दिव्याचा डायनामो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. चाक थांबले की दिवा गेला. म्हणूनच गादीत शिवलेला किंवा मनगटाला बांधलेला चुंबक शरीरात वीज निर्माण करीत नाही. या फॅरडेलाही १८३९ नंतर काही वर्षे गरगरणे, विस्मरण आणि विलक्षण थकवा यांनी ग्रासले आणि त्याचे संशोधन जवळजवळ थांबले. पुढे तो सावरला. थकणारी माणसे आळशीच असतात असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे वाचून ठेवावे.

मेंदूचे काम सूक्ष्म विजेवरच चालते. मग बाहेरून बदलता चुंबक धरून मेंदूत वीज जागवता येईल काय? १८९६ साली पॅरिसच्या दार्सोंव्हाल या शास्त्रज्ञाने मोठ्या वेटोळ्यात माणसाचे डोके ठेवले, तेव्हा त्या माणसाला प्रकाशाचे लुकलुकाट दिसले. परंतु क्षणात हजारो अँपियरचा प्रवाह सोडून क्षणात तोडणारी साधने त्या काळी नव्हती. तो प्रश्न पाऊण शतकाहून अधिक काळ तसाच पडून राहिला.

मधल्या काळात विषण्ण माणसाचे काय झाले? आपल्या महाराष्ट्रात नागपूरला १८६४ साली, रत्नागिरीला १८८६ साली आणि ठाण्याला १९०१ साली वेड्यांची इस्पितळे निघाली, येरवड्याचे त्यानंतरचे. भिंती उंच होत्या, औषधे नव्हती. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी डोक्याला विजेचा झटका देऊन फेफरे आणण्याचा उपचार सुरू केला. ‘शॉक देतात’ या दोन शब्दांनी आपल्याकडची किती माणसे दवाखान्याच्या पायरीवरून परतली असतील! पूर्वी तो भूल न देता दिला जाई, ही गोष्ट खरी आहे. पण अतिशय तीव्र विषण्णतेत तोच उपचार आजही सर्वांत गुणकारी मानला जातो, हीही तितकीच खरी आहे. आज तो भूल देऊन व स्नायू सैल करून देतात. त्याविना देण्यास २०१७ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी आहे.

गोळ्यांच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ती रक्तदाबावर कशी गुणकारी आहे हे इंग्लंडच्या मासिकात सिद्ध करून दाखवले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. पुढे तिच्यातले सत्त्व घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. हे सत्त्व मेंदूतली काही रसायने कमी करते हेही दिसले. उलट क्षयावरचे एक औषध घेणारे रुग्ण आजारी असूनही उल्हसित होत. या दोन टोकांवरून शास्त्रज्ञांनी माग काढला, आणि १९५७ च्या सुमारास विषण्णतेवरच्या पहिल्या गोळ्या जगापुढे आल्या. रसायन कमी पडले की खिन्नता येते, इतका सोपा हिशेब नाही हे आता कळले आहे. तरीही गोळ्यांनी असंख्य माणसे उभी केली. मात्र सर्वांना त्या पुरत नाहीत. आमच्या मित्राला नाही पुरल्या.

इथे चुंबक परत येतो, आणि येतो तो इंग्लंडच्या शेफील्ड या पोलादाच्या गावातून. १९८० साली त्या देशातल्या पोलाद कामगारांनी तीन महिन्यांचा संप केला. मग कपात आली, भट्ट्या विझल्या. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्याचा शेवट काय झाला हे आपण जाणता. दोन्हीकडे हजारो हात रिकामे झाले. त्याच वर्षांत शेफील्डच्या इस्पितळात अँथनी बार्कर आणि त्याचे सहकारी एक यंत्र जुळवीत होते. कवटीवरून सरळ वीज देऊन मेंदू चाळवता येतो हे १९८० साली इतरांनी दाखवले होते. पण कवटी विजेला अडवते, आणि कातडीला सोसवत नाहीत इतक्या वेदना होतात. चुंबकाचे क्षेत्र मात्र हाडातून बिनअडथळा जाते. १९८५ साली बार्करने डोक्यावर वेटोळे धरून ठोका दिला आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. दुखले नाही, रक्त नाही, भूल नाही. त्यानंतर दहा वर्षांत मार्क जॉर्ज या अमेरिकन डॉक्टरने १९९५ साली, गोळ्यांना दाद न देणाऱ्या सहा विषण्ण रुग्णांवर तो वापरला आणि काहींना स्पष्ट उतार पडला.

उपचार कसा चालतो ते आमच्या भाषेत सांगतो. केळीच्या मळ्यातली मोटार जळली की वाइंडिंगवाला तांब्याची तार गुंडाळून देतो, हे आपल्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तसेच तारेचे, दोन चाके शेजारी ठेवावीत तशा आकाराचे वेटोळे रुग्णाच्या डोक्याशी धरतात. रुग्ण खुर्चीत जागा असतो. आधी अंगठा हलतो ती जागा शोधतात, आणि किती जोराने हलतो यावरून मात्रा ठरवतात. मग वेटोळे पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूला आणतात. निर्णय घेणे, उमेद धरणे यांच्याशी संबंध असलेला मेंदूचा तो भाग विषण्णतेत मंदावलेला असतो. प्रत्येक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून लहान; पण त्या क्षणी चुंबकाचा जोर मोठ्या इस्पितळातल्या एम. आर. आय. यंत्राइतका असतो. कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत तो पोहोचतो. सुतारपक्षी खोडावर चोच मारतो तसा टकटक आवाज होतो, म्हणून कानात बोळे देतात. डोके दुखू शकते. फेफरे येण्याचा धोका अत्यंत थोडा, पण आहे. फेफऱ्याचा आजार असलेल्यांनी किंवा डोक्यात धातूचा तुकडा वा यंत्र बसवलेल्यांनी ते आधीच सांगितले पाहिजे.

गुण येतो किती? इथे १७८४ ची ती परीक्षा परत आली. काही रुग्णांना खरे वेटोळे लावले, काहींना तसाच आवाज करणारे खोटे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १९० रुग्णांच्या अशा एका अमेरिकन परीक्षेत खऱ्या उपचाराने सुमारे १४ टक्के रुग्ण आजारमुक्त झाले, खोट्याने ५ टक्के. म्हणजे हा परिणाम नुसत्या कल्पनेचा नव्हे. पण जादूही नव्हे. नेहमीच्या दवाखान्यांतले आकडे याहून बरेच चांगले आहेत, कारण तिथे रुग्णाला उमेद असते आणि गोळ्याही चालू असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली या उपचाराला परवानगी दिली. २०१८ साली कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या परीक्षेत असे दिसले की साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीचे काम तीन मिनिटांच्या नव्या पद्धतीनेही तितकेच होते.

ही तीन मिनिटे आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटतात. एका यंत्रावर एका पाळीत कितीतरी अधिक माणसे बसू शकतील. यंत्राचा हिशेब आम्हा कामगारांना लवकर कळतो. मात्र बैठका तेवढ्याच राहतात : आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. आमच्या मित्राचे घोडे इथेच अडले. भुसावळहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर. सहा आठवडे राहायचे कुठे, सोबत कोण, तोवर घर कशावर चालायचे? यंत्राची फी पुढची गोष्ट, खोलीचे भाडेच परवडेना. तो गेला नाही. गोळ्या, डॉक्टरांशी नियमित बोलणे आणि त्याच्या बायकोची चिकाटी यांवर तो हळूहळू सावरला. आता एका गॅरेजमध्ये काम करतो. बरा आहे असे म्हणता येईल इतका बरा आहे. पण जी दोन वर्षे त्याने ओट्यावर काढली त्यांतली काही वाचली असती काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तिच्यात महाराष्ट्र नव्हता. पण जिथे झाली तिथे वीस माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी या आजाराने गाठले होते. या सभागृहातल्या रांगा मोजून पाहा. आपल्या राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. खानदेशात एकही नाही. चुंबकाचा उपचार बंगळूर व रांचीच्या संस्थांत आहे, मुंबई-पुण्याच्या खाजगी दवाखान्यांत आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवले पाहिजे, विम्यातही. त्याच कायद्याने जीव देऊ पाहणाऱ्याला आरोपी न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानले आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले. कायदा चांगला आहे. पण आठ तासांच्या दिवसाचा कायदाही चांगलाच होता. तो गिरणीच्या फाटकातून आत यायला माणसे लागली.

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे मनाच्या आजारांचे पुरेसे डॉक्टर असावेत, गोळ्या अखंड मिळाव्यात, आणि ज्यांना गोळ्या पुरत नाहीत त्यांच्यासाठी हे यंत्र असावे, म्हणजे फैजपूरचा माणूस सकाळच्या एस. टी. ने जाऊन संध्याकाळी घरी येईल. उपचाराच्या दिवसांचा पगार कापला जाऊ नये. ही मागणी आम्ही आमच्या मागणीपत्रकात घातली आहे. शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या संघटनांनीही घालावी. वादळात केळीचा बाग आडवा झाल्यावर बांधावर बसून राहणारा माणूस आणि फाटक बंद झाल्यावर ओट्यावर बसून राहणारा माणूस यांचा आजार एकच असू शकतो. आणि ज्याला आज, आत्ता मदत हवी आहे त्याने यंत्राची वाट पाहू नये. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे, त्यावर मराठीत बोलता येते.

फॅरडेचा चुंबक स्थिर असताना सुई हलत नव्हती. आपल्या भाषेत चळवळ या शब्दाचा मूळ अर्थ हालचाल असाच आहे. अधिक बोलत नाही.

एक शेवटचे सांगून आपली रजा घेतो. ती हजेरीवही अजून आमच्या कचेरीच्या कपाटात आहे. ‘आळस’ हा शब्द आम्ही खोडला नाही. आपली चूक आपल्याला दिसत राहावी म्हणून तसाच ठेवला आहे. त्याच्या शेजारी ‘आजार’ असे लिहिले आणि खाली सही केली. सही करताना तो मित्र समोर होता. त्याने वही हातात घेतली, शेरा वाचला आणि म्हणाला, “भाऊ, तारीखही टाका.” आम्ही तारीख टाकली.